उंबराची छाटणी, गुलमोहराची तोड: परवानगीपासून शेवटच्या फांदीपर्यंतचा अनुभव

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीत दोन झाडांचं काम होतं, एक उंबर आणि एक गुलमोहर. दोन्हींसाठी महापालिकेकडून रीतसर परवानगी काढली, मग काम करून घेतलं. उंबराला आता नवी पालवी आली आहे, त्यामुळे काम कसं झालं हे सांगता येण्याइतका वेळ गेला आहे असं मला वाटतं. ज्यांना फक्त निकाल हवा आहे त्यांच्यासाठी आधीच सांगते: परवानगीच्या प्रक्रियेला माझ्याकडून पाचपैकी चार, छाटणी करणाऱ्या दुसऱ्या टीमला पाचपैकी पाच. पहिल्या ठेकेदाराला आम्ही झाडाजवळ फिरकू दिलं नाही. का, तेही लिहिते.

उंबर आमच्या इमारतीपेक्षा जुना आहे. इथे पूर्वी मळे होते. प्लॉट पडले, इमारती झाल्या, पण कोपऱ्यातल्या बांधावरचा हा उंबर राहिला. त्याची एक मोठी फांदी आमच्या गच्चीवर आली होती आणि दुसरी विजेच्या तारांना टेकायला लागली होती. गुलमोहर फाटकापाशी, बिल्डरने लावलेला. त्याच्या बुंध्याला भिडवून चारी बाजूंनी पेव्हर ब्लॉक बसवलेले. इतक्या वर्षांत त्या झाडाच्या मुळाशी पाणी कुठून जात असेल, हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता.

2025 चा मे महिना नाशिककरांना आठवत असेल. उन्हाळा असा नव्हताच, महिनाभर अवकाळीनं झोडपलं. एका संध्याकाळी वाऱ्यात गुलमोहराची मांडीएवढी फांदी पार्किंगच्या पत्र्यावर आली. पत्रा वाकला, खाली दोन स्कूटर होत्या, माणूस कुणी नव्हतं. त्या रात्रीच ग्रुपवर सुरू झालं, दोन्ही झाडं काढून टाका. भीती खरी होती, मी ती हलक्यात घेत नाही. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींची नात रोज त्याच पत्र्याखालून शाळेच्या रिक्षात बसते.

सेक्रेटरी म्हणून ठेकेदार बोलावणं माझ्याकडे आलं. जो आला तो दोन मिनिटं झाडांकडे आणि दहा मिनिटं लाकडाकडे बघत होता. म्हणाला, "ताई, परवानगी-बिरवानगी कशाला? रविवारी सकाळी माणसं घेऊन येतो, दुपारपर्यंत मोकळं करून देतो. सुट्टीच्या दिवशी कोण बघायला येतंय? लाकूड आमचं, वरून दहा हजार द्या." आणि उंबराचं काय, तर "तो निम्म्यातनं उडवू. पाच वर्षं परत बघायला नको."

निम्म्यातनं उडवणं म्हणजे काय, ते आमच्याच गल्लीच्या टोकाला दिसतं. तिथल्या एका कंपाउंडमध्ये असाच एक कडुनिंब मुंडकं छाटून ठेवलेला आहे. कापलेल्या टोकांतून झाडूसारखे फुटवे निघालेत, सरळ, दाट, आणि नुसत्या सालीला धरून असलेले. पुढच्या वादळात मोडणार ते हेच फुटवे. खालचं खोड वरून कुजत चाललंय. धोका कमी करायला म्हणून पैसे मोजले आणि विकत घेतला तोही धोकाच.

माझं माहेर पिंपळगावकडचं, घरी द्राक्षबाग. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी बघत मोठी झाले. बागेत छाटणीला कोण येणार यावर वडील दोन दिवस फोन करत बसायचे, कारण डोळा कुठला ठेवायचा आणि कुठला घालवायचा हे न कळणाऱ्याच्या हातात कात्री दिली तर सगळं वर्ष वाया जातं. वर्षाच्या पिकासाठी इतकी काळजी घेणारी आपण माणसं, आणि साठ वर्षांच्या झाडाला पेट्रोलची करवत घेऊन आलेल्या कुणाच्याही हवाली करतो, याचा मला त्या दिवशी मनापासून राग आला. त्याला परत पाठवलं आणि अर्जाची तयारी सुरू केली.

आता कायद्याचं, कारण सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होते. "झाड आपल्या कंपाउंडमध्ये आहे, आपलं आहे, महापालिकेचा काय संबंध?" हा पहिला प्रश्न. महाराष्ट्रातल्या शहरांना 1975 चा झाडांचं संरक्षण आणि जतन करण्याचा कायदा लागू आहे, आणि तो खासगी जागेतल्या झाडालाही तितकाच लागू आहे. दुसरा गैरसमज असा की फांद्या कापायला परवानगी लागत नाही. या कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येतच जाळणं, कापणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणं येतं. बुंध्यापाशी आम्ल ओतणारे, साल गोल काढून झाड वाळवणारे, सगळे त्यात आले. मोठ्या फांद्यांनाही अर्ज लागतोच. आणि विनापरवाना हात लावला तर दंड आणि कैद, दोन्हींची तरतूद आहे. ठेकेदार लाकूड घेऊन निघून जातो, नोटीस सोसायटीच्या नावानं येते.

मीटिंगमधला सूर बदलला तो 2021 च्या दुरुस्तीमुळे. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड आता वारसा वृक्ष धरलं जातं. आणि झाड तोडायचं असेल तर त्याचं वय जितकं, तितकी झाडं बदल्यात लावायची. रोप सहा ते आठ फुटांचं हवं आणि सात वर्षं ते सांभाळायचं. आमचा उंबर साठ वर्षांचा धरला तर साठ झाडं. फाटकापाशी दोन खड्डे घ्यायला जागा नाही, तिथे साठ कुठे लावणार? "उंबर काढूनच टाका" म्हणणारे दुसऱ्या मजल्यावरचे काका हे ऐकून गप्प झाले. नंतर मात्र त्यांनीच ठरावाचा मसुदा लिहून दिला, आणि चांगला लिहिला.

अर्जाबरोबर आम्ही सोसायटीच्या ठरावाची प्रत, घरपट्टीची पावती, दोन्ही झाडांचे चारी बाजूंनी फोटो आणि कंपाउंडचा हातानं काढलेला नकाशा जोडला. नकाशात झाड, भिंत, तारा आणि गच्ची यांची अंतरं टेपनं मोजून टाकली होती. ही मेहनत कामी आली, पाहणीला आलेल्या साहेबांच्या हातात तोच कागद होता. कारणाच्या रकान्याबद्दल सगळ्यांना सांगते, खरं आणि नेमकं लिहा. "कचरा होतो, पक्षी घाण करतात" ही झाड कापायची कारणं होऊ शकत नाहीत, आणि होऊही नयेत. आम्ही लिहिलं: गुलमोहराची फांदी अमुक दिवशी पडली, बुंध्यापाशी पोकळी दिसते, खालून मुलांची ये-जा आहे. उंबरासाठी: दोन फांद्यांचा विस्तार कमी करून हवा, झाड तोडायचं नाही. हे शेवटचं वाक्य मी ठळक अक्षरात लिहिलं. मेलेलं, रोगट, कोसळलेलं किंवा जिवाला-मालमत्तेला धोका असलेलं झाड असेल तर परवानगी नाकारता येत नाही, असं कायद्यातच आहे. तेव्हा झाड खरंच धोकादायक असेल तर चोरून कापायचं काही कारणच उरत नाही.

सगळ्यात मोलाची गोष्ट आता. स्थळपाहणी.

माझी अपेक्षा होती की कुणीतरी येईल, फोटो काढेल, सही घेईल आणि जाईल. आलेले उद्यान निरीक्षक आधी गुलमोहरापाशी उकिडवे बसले. बुंध्याच्या तळाशी, पेव्हर ब्लॉकच्या फटीतून, तपकिरी रंगाचं काहीतरी कडक, बशीसारखं बाहेर आलेलं होतं. वरून लाखेचा हात दिल्यासारखं चकचकीत, कडेला पांढरी किनार. आम्ही रोज त्याच्या शेजारून जात होतो. त्यांनी खालच्या पांढऱ्या बाजूवर नखानं रेघ ओढली, रेघ तपकिरी उमटली. "मॅडम, ही बुरशी आहे. ही बाहेर दिसते तेव्हा आतलं लाकूड बरंच खाऊन झालेलं असतं." मग खिशातून छोटी लाकडी हातोडी काढून खोडावर खालून वर ठोकत गेले. छातीच्या उंचीवर आवाज भरीव होता, टणक. गुडघ्याच्या खाली आला तसा तो बदलला, रिकाम्या पिंपाचा येतो तसा. मला म्हणाले, "तुम्हीपण ठोकून बघा." बघितलं. दोन्ही आवाजांतला फरक कुठल्याही लहान मुलाला कळेल. "पानांवर जाऊ नका. शेंडा हिरवा दिसतोय, पण याचा पाया गेलाय. हे काढावं लागेल."

मला वाईट वाटलं, पण शंका राहिली नाही. बुंध्याला भिडवलेले ब्लॉक दाखवून त्यांनी एवढंच सांगितलं की मुळांना हवा नाही, पाणी नाही, आणि ब्लॉक बसवताना मुळं कापली गेली असणार. बुंध्याभोवती निदान एक मीटर जागा मोकळी सोडावी, असा राष्ट्रीय हरित लवादाचा दिल्लीच्या प्रकरणातला आदेश 2013 चा आहे. तरी आजही शहरभर फुटपाथ आणि पार्किंग करताना बुंध्याला सिमेंटचा गळपट्टा बसतोच. तुमच्या सोसायटीत असेल तर आजच चार ब्लॉक उचलून टाका, त्याला कुठलीही परवानगी लागत नाही.

उंबरापाशी ते बराच वेळ होते. घेर मोजला, झाडाभोवती फिरले, गच्चीवर जाऊन वरून बघितलं. गच्चीवर आलेल्या फांदीला एक वाळलेला फाटा होता. आम्ही सगळ्यांनी धरलेलं की तो तर जाणारच, वाळकाच आहे. त्यांनी मोबाइलचा कॅमेरा मोठा करून त्या फाट्याची खालची बाजू दाखवली. तिथे रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठं, कंपासनं आखावं तसं गोल भोक होतं. आम्ही बघत असतानाच त्यात एक पिवळा गळा आणि लाल कपाळ दिसलं. तांबट! दुपारभर टुक-टुक-टुक ऐकू येतं तो पक्षी. मेलेल्या, मऊ झालेल्या फांदीतच त्याला घर कोरता येतं, आणि पाऊस आत जाऊ नये म्हणून तो तोंड खालच्या बाजूला ठेवतो. आत पिल्लं होती, आईबाप चोचीतून उंबरं घेऊन येत होते. "याला आत्ता हात लावायचा नाही. अंडी-पिल्लं असलेलं घरटं मोडणं वन्यजीव कायद्यातही बसत नाही. हा फाटा गच्चीच्या बाहेर आहे, खाली कुणाचा वावर नाही, राहू द्या."

गच्चीवर आलेले आठ-दहा जण त्या मोबाइलवर वाकले होते. ग्रुपवर "काढून टाका" लिहिणारे त्यांतच होते. त्या दिवसानंतर उंबराबद्दल तसं कुणी लिहिलं नाही. जाणत्या माणसानं पंधरा मिनिटं नीट बघणं, ही या सेवेची खरी किंमत आहे. आम्हाला जे मागायचं होतं ते मिळालंच, शिवाय जे मागायला नको होतं ते टळलं.

पाहणीनंतर नोटीस. ती वर्तमानपत्रात येते आणि झाडावरही लावतात. हरकतीसाठी सात दिवस. पुष्कळ जण या टप्प्याला वैतागतात, पण माझं मत वेगळं आहे. आमच्या मागच्या बंगल्यातले आजोबा दर गुरुवारी भिंतीपलीकडून उंबराला पाणी घालतात, हात जोडतात. नोटीस वाचून त्यांनी हरकत लिहून दिली. मी त्यांना भेटायला गेले तर म्हणाले, "बाळ, दत्ताचं झाड आहे. तुम्ही लोक नवीन आलात." त्यांना नकाशा दाखवला, कुठल्या दोन फांद्या आणि किती, ते सांगितलं. त्यांनी हरकत मागे घेतली नाही. मात्र त्यात एक ओळ घातली: फक्त नकाशात दाखवलेल्या फांद्याच छाटाव्यात. ती ओळ आमच्या आदेशात अट म्हणून आली. ज्या झाडाची सावली भिंतीपलीकडे पडते, त्याच्याबद्दल भिंतीपलीकडच्या माणसाला बोलता यायला हवं.

नाशिकला हे शिकवायला नको. उंटवाडीचा जुना वड उड्डाणपुलाच्या आड आला तेव्हा 2022 मध्ये लोक त्याच्याभोवती उभे राहिले आणि वड राहिला. आणि 2025 च्या नोव्हेंबरात, आमच्या उंबराचं काम चाललं होतं त्याच सुमारास, तपोवनात कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामासाठी, म्हणजे साधुग्रामसाठी, अठराशेच्या आसपास झाडांवर नोटिसा लागल्या, तेव्हा शेकडो नाशिककरांनी हरकती लिहून दिल्या. कुंभमेळा आपलाच आहे आणि तपोवनही आपलंच. माझी बाजू झाडांची आहे, ती लपवत नाही. पण हे सगळं बोलता आलं ते नोटीस काढावी लागते आणि हरकत ऐकावी लागते म्हणून. आपल्या दोन झाडांपुरता तो टप्पा कंटाळवाणा वाटला, तरी तो त्याच कायद्यातला आहे.

आदेश आला त्यात गुलमोहर तोडण्याची आणि उंबराच्या दोन फांद्यांचा विस्तार कमी करण्याची परवानगी होती. अटी होत्या: देशी झाडं लावणे, त्यांचे फोटो देणे, घरटं असलेल्या फाट्याला हात न लावणे, आणि अनामत. परवानगी मिळाली की लगेच दुसऱ्या दिवशी करवत चालवायची नसते, पंधरा दिवस थांबावं लागतं. गुलमोहराखालची ये-जा तोवर दोरी बांधून बंद ठेवली आणि मुलांची रिक्षा मागच्या फाटकाला उभी करायला सांगितली.

आता टीमबद्दल. झाडाचा जाणकार मिळेपर्यंत मी बऱ्याच जणांशी बोलले आणि प्रत्येकाला एकच विचारलं: फांदी कुठे कापणार? "जिथे जमेल तिथे", "भिंतीच्या रेषेत" अशी उत्तरं आली. एका तरुणानं सांगितलं, "ताई, फांदी जिथून निघते तिथे फुगीर गादी असते ना, तिच्या जरा बाहेरून. गादीला धक्का लावायचा नाही, आणि खुंटही ठेवायचा नाही." काम त्याला दिलं. दोन्ही झाडांचे मिळून सव्वीस हजार सांगितले, गुलमोहराचं लाकूड नेणं त्यात धरून. दहा हजारांच्या तुलनेत हे जास्त आहे. आमच्यात ते प्रत्येक घरामागे हजाराच्या जरा वर गेले, आणि वर्षभर कुणी त्याबद्दल बोललेलं नाही.

गुलमोहर पावसाच्या सुरुवातीला काढला. शेंड्याकडून खाली, तुकड्या-तुकड्यानं, प्रत्येक तुकडा दोरानं बांधून उतरवला. तळाचा ओंडका पडला तेव्हा आत हात कोपरापर्यंत गेला. लाकूड ओल्या पुठ्ठ्यासारखं चुरत होतं. ज्यांना वाटत होतं की महापालिकेनं चांगलं झाड काढायला सांगितलं, त्यांना बोलावून दाखवलं.

उंबर मात्र दिवाळीनंतर केला. टीमनंच सुचवलं: पाऊस सरू द्या, पिल्लं केव्हाच उडालेली असतील, आणि जखम कोरड्या हवेत लवकर भरते. आधी वीज कंपनीला अर्ज देऊन त्या वेळेपुरता पुरवठा बंद करून घेतला. याशिवाय तारांजवळ कुणालाही चढवू नका, कितीही अनुभवी असो. मग दोन जण दोर आणि कमरपट्टा बांधून वर गेले. मी गच्चीवरून सगळं बघत होते. जाड फांदीला आधी खालून एक छोटा काप, बुंध्यापासून हातभर लांब. मग त्याच्या जरा पुढे वरून काप, तशी फांदी सालीचा पट्टा न ओढता सुटली आणि दोरावर अलगद खाली गेली. शेवटी उरलेला हातभर खुंट, गादीच्या बाहेरून, सरळ एका कापात. कापाच्या कडेनं पांढरा चीक आला आणि थोड्या वेळात थांबला. मी कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशीनाशकाचा लेप, लावायची का विचारलं, बागेत सवय ना. तो म्हणाला, "काप बरोबर असला तर झाड स्वतःच भरून काढतं." आज त्या कापांभोवती सालीचा गोल काठ आत सरकायला लागलाय. मी महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन बोटानं चाचपून बघते.

परवानगीच्या प्रक्रियेचा एक गुण का कापला, ते सांगते. परवानगी कुठली फांदी कापायची ते सांगते, कशी कापायची आणि कुणी कापायची हे ठरवणारं काही नाही. करवत चालवणाऱ्याला कुठलंही प्रशिक्षण किंवा परवाना असण्याची सक्ती नाही. आमच्या वेळी निरीक्षकांनी विनंतीवरून फांद्यांवर चुन्यानं खुणा करून दिल्या, त्यामुळे वाद उरला नाही. पण हे विनंतीवर राहू नये. आदेशाच्या कागदावर झाडाचा फोटो आणि त्यावर कापाची खूण छापून आली, तर ठेकेदाराला पळवाट राहणार नाही. द्राक्षाच्या छाटणीला शेतकरी कुशल मजूर शोधतो. शहरातल्या झाडांसाठी तसे हात तयार करणारा एखादा अभ्यासक्रम या जिल्ह्यात तरी सुरू व्हायला हवा. छाटणी जाणणारी माणसं इथे गावोगाव आहेत.

वेळेचं म्हणाल तर या कामाला वेळ लागतो आणि तो कायद्यातच धरलेला आहे: पाहणी, नोटीस, हरकती, निर्णय, मग पंधरा दिवस. म्हणून वळवाचं पहिलं वादळ येऊन गेल्यावर अर्ज करू नका. दिवाळीनंतर एकदा सोसायटीतल्या सगळ्या झाडांखालून फिरा. बुंध्याशी बुरशी आहे का, भेग आहे का, झाड नव्यानं एका बाजूला झुकलंय का, बघा. अर्ज हिवाळ्यात टाका. वळवाच्या आधी काम झालेलं असेल, आणि घरट्यांच्या दिवसांत फांद्यांना हात लावावा लागणार नाही.

गावाकडे शेतातलं झाड असेल तर हे सगळं लागू नाही, तिथला कायदा वेगळा, 1964 चा. त्यात आंबा, चिंच, जांभूळ, फणस, साग, मोह, हिरडा, खैर अशी सोळा जातींची झाडं अनुसूचित आहेत, आणि ती स्वतःच्या बांधावरची असली तरी परवानगी लागते. माझ्या भावानं बांधावरचा आंबा काढायचा विषय काढला तेव्हा त्याला हेच सांगितलं. अजून तरी आंबा आहे.

गुलमोहराच्या जागी ब्लॉक उखडून चार फूट चौकोन मोकळा केला आणि तिथे ताम्हण लावला, आपल्या राज्याचं फूल. जरा बाजूला, तारांपासून लांब, बहावा. दोन्ही उंची बघून घेतले, म्हणजे वीस वर्षांनी पुन्हा कुणाला गच्ची आणि तारांसाठी अर्ज करावा लागू नये. पाणी घालायची पाळी मजल्यावार लावली आहे. आळ्यात पालापाचोळा टाकतो, तो झाडून नेऊ नका असं सफाईवाल्या मावशींना सांगून ठेवलंय. अनामत परत मिळण्यासाठी रोपांचे फोटो द्यायचे आहेत, ते या महिन्यात देऊ.

तांबटाच्या फाट्याबद्दल ज्यांनी ग्रुपवर विचारलं त्यांच्यासाठी: यंदा त्याच फाट्यावर, जुन्या भोकाच्या वीतभर पुढे, नवीन भोक कोरलेलं आहे. फाटा आणखी मऊ झालाय, त्यामुळे येत्या दिवाळीनंतर तो बघायला त्याच टीमला बोलावलं आहे. कापायची वेळ आली तर आधी अर्ज करू.